सायलेन्सरमधली माती आणि संसारातला चौथा हिस्सा



पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी, कासारवाडी या आमच्या पट्ट्यात ज्या घरापुढे जुनी इको किंवा ओम्नी गाडी उभी आहे, ते घर त्या गाडीच्या जिवावर चालते. सहा दिवस ती गाडी पोटासाठी धावते. कुणी भोसरी-चाकणच्या कामगारांना डबे पोचवतो, कुणी भाजी आणतो, कुणी मंडपाचे सामान वाहतो. आणि सणावाराला तीच गाडी समाजाची होते. १ जानेवारीला कोरेगाव भीमा, १४ एप्रिलला पिंपरीचा पुतळा, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, आणि २५ डिसेंबरला देहूरोडचे बुद्धविहार, जेथे १९५४ साली परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शेजारच्या म्हाताऱ्या आजीला रात्री दवाखान्यात न्यायचे तर हाक त्याच गाडीवाल्याला जाते.

या गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या नळीत, एक डबा बसवलेला असतो. घरातल्या कुणाला त्याचे नाव ठाऊक नसते. तो बिघडला किंवा चोरीला गेला, की त्याच्या किमतीचा कागद हातात पडतो आणि घरातला स्वयंपाक त्या दिवशी कुणाला गोड लागत नाही. या डब्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजमध्ये त्याला 'कॅटकॉन' म्हणतात आणि चोरबाजारात त्यातल्या ऐवजाला नुसते 'माती' म्हणतात.

आम्ही पडलो कारकून माणूस. त्यामुळे वस्तीतले लोक बिले, नोटिसा, कोटेशने वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. मध्यंतरी डब्यांचा धंदा करणारे एक जोडपे असाच कागद घेऊन आले. त्यांची इको दहा वर्षांहून जुनी. सायलेन्सरचा हा भाग नवा टाकायला पन्नास हजारांच्या घरातले कोटेशन. त्या ताईंनी आम्हाला सरळ विचारले, "भाऊ, अख्खी गाडी विकली तर किती येतील, आणि ह्या एवढ्याशा डब्यात असं काय सोनं भरलंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजच्या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

डब्यात आहे तरी काय?

पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनात जळते तेव्हा ते पूर्णपणे जळत नाही. त्या धुरात तीन विषारी गोष्टी असतात. एक कार्बन मोनॉक्साईड, ज्याला रंग नाही, वास नाही, पण जो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. दुसरी, न जळलेल्या इंधनाची वाफ. तिसरी, नायट्रोजनची ऑक्साईडे, जी छातीला आणि फुफ्फुसाला बाधतात. कॅटकॉनमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक भोकांची चिनी मातीची वीट असते. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. तापलेला धूर त्यातून जाताना विषारी वायूंचे रूपांतर कार्बन डायऑक्साईड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यांत होते. धातू मात्र संपत नाही. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा दोघांची गाठ घालून देतो आणि आपण होता तसाच राहतो, तसे या धातूंचे काम आहे.

हे यंत्र आपल्याकडे फार जुने नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात त्यावर काम केले. तेथे १९७५ सालच्या मॉडेलपासून ते मोटारींत सर्रास आले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. पेट्रोलमधले शिसे या धातूंच्या लेपाला निकामी करते, म्हणून त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० साली ते देशभर झाले. पुढे नियम कडक होत गेले. भारत स्टेज चारचे नियम २०१० मध्ये पुण्यासह काही मोठ्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर, तर भारत स्टेज सहाचे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. इको गाडी जानेवारी २०१० मध्ये बाजारात आली. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. म्हणजे आज आपल्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक जुन्या गाड्या या डब्यासह जन्मलेल्या आहेत.

आता किमतीकडे येऊ. एका डब्यात हे धातू मोजून काही ग्रॅम असतात. पण त्यांचा भाव पाहा. मार्च २०२१ मध्ये रोडियमचा जागतिक भाव औंसाला सुमारे २९ हजार डॉलरपर्यंत चढला होता. औंस म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम, आपल्या आजच्या बोलीत तीन तोळे. त्याच महिन्यात सोने औंसाला सुमारे १,७०० डॉलर होते. म्हणजे रोडियम सोन्याच्या सतरापट महाग! पॅलेडियमनेही मार्च २०२२ मध्ये तीन हजार डॉलर ओलांडले. २०२३ मध्ये रोडियम पाच हजारांच्या खाली उतरले, तरीही ते सोन्याच्या दुपटीच्या घरात होतेच. त्या ताई 'सोनं' म्हणाल्या, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

ही दौलत येते कुठून, हेही कामगाराच्या घरी ठाऊक असायला हवे. जगातले चार-पंचमांशाहून अधिक रोडियम आणि प्लॅटिनमचा फार मोठा हिस्सा दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून निघतो. तेथील मारिकाना गावच्या प्लॅटिनम खाणीतले काळे कामगार २०१२ साली महिना साडेबारा हजार रँड पगार मागत संपावर गेले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि ३४ कामगार ठार झाले. ज्यांनी हा धातू जमिनीच्या पोटातून काढला त्यांच्या वाट्याला गोळ्या, आणि ज्याने तो पिंपळे गुरवच्या गल्लीत गाडीखाली बाळगला त्याच्या वाट्याला कर्ज. नफा मधल्यामध्ये कुठे राहतो, हे चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

माती चोरणारे

धातूंचे भाव चढले तेव्हा चोरांचे लक्ष इको गाडीकडे वळले. २०२१ च्या सुमारास गुजरातेत आणि महाराष्ट्रात, आपल्या पुणे जिल्ह्यातसुद्धा, इकोच्या सायलेन्सर चोरीच्या तक्रारी मोठ्या संख्येने नोंदल्या गेल्या आणि टोळ्याही पकडल्या गेल्या. इकोच का? कारण तिचे पोट जमिनीपासून उंच आहे आणि सायलेन्सर हाताला सहज लागतो. गाडी उचलावी लागत नाही, काच फोडावी लागत नाही. काही चोर तर सायलेन्सर खोलून आतली माती काढतात आणि रिकामा सायलेन्सर पुन्हा बसवून जातात. मालकाला पत्ताच लागत नाही. पुढे पीयूसीला गाडी नापास होते किंवा इंजिनाचा दिवा लागतो, तेव्हा कळते की पोट केव्हाच रिकामे झाले आहे.

आधी निदान, मग बिल

इथे आमचे पहिले सांगणे असे की, कॅटकॉन गेला असे कुणी म्हणाल्याबरोबर पन्नास हजारांचा विचार करू नका. डॉक्टरने तपासल्यावाचून ऑपरेशन सांगितले तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. गाडीच्या बाबतीतही तेच करावे.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावून घ्या आणि जो कोड येईल तो कागदावर लिहून मागा. पी-०४२० हा कोड कॅटकॉनची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो. पण त्या कोडमागे ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असणे, सायलेन्सरच्या नळीला भोक पडलेले असणे किंवा गॅस्केट फुटलेले असणे ही कारणेही असू शकतात, आणि ती दुरुस्ती कॅटकॉनच्या मानाने फार स्वस्त असते. गाडीचा पिकअप गेला असेल, सायलेन्सरमध्ये काहीतरी खडखडत असेल, किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मात्र कॅटकॉनवर संशय घ्यायला जागा आहे. वीट फुटली की खडखडते, आणि वितळून भोके बुजली की धुराला वाट मिळत नाही व गाडी चढाला दम टाकते.

दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे. कॅटकॉन सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला दुसरे कुणी तरी मारते. प्लग किंवा कॉईल खराब झाली, एक सिलिंडर मिस होऊ लागला, की न जळलेले इंधन थेट कॅटकॉनमध्ये जाऊन पेटते आणि आतली वीट वितळते. इंजिन ऑईल खात असेल तर त्या ऑईलची राख लेपावर बसते. बॅटरी गेलेली गाडी रोज ढकलून चालू करण्याची सवयही त्याला मारक आहे, कारण तेव्हाही कच्चे इंधन आत जाते. मूळ रोग तसाच ठेवून नवा डबा बसवला, तर तोही वर्षभरात त्याच वाटेने जाईल. म्हणून मेस्त्रीला एकच प्रश्न विचारायचा: "जुना का गेला?" ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याच्याकडे पन्नास हजारांचे काम देऊ नये.

आमच्याकडे आलेल्या त्या जोडप्याला आम्ही दुसऱ्या गॅरेजात पाठवले. तेथे निघाले ते असे की कॅटकॉन खरोखरच वितळला होता. पण त्याचे मूळ होते एका सिलिंडरच्या कॉईलमध्ये. काही महिने गाडी धक्के मारत होती आणि धंद्याच्या धबडग्यात 'चालतेय ना' म्हणून ती तशीच पळवली गेली. वेळेवर कॉईल बदलली असती तर फार थोडक्यात भागले असते. हे वाचणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याने एवढे ध्यानात ठेवले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल. गाडी धक्के मारू लागली की त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे.

तीन वाटा

डबा खरोखर गेला असेल तर गॅरेजवाला सहसा तीन वाटा दाखवतो.

पहिली वाट, रिकामी नळी. आतली वीट काढून टाकायची किंवा साधी नळी जोडायची. "पीयूसीचं बघून घेऊ," असे वर आश्वासन. खर्च किरकोळ. पण मग विष जाते कुठे? आपल्या गल्ल्या किती रुंद आहेत ते आम्ही सांगायला नको. सकाळी गाडी चालू करून दारात उभी असते, तिच्या मागे शाळेची मुले रांगेने जातात, ओट्यावर म्हातारी माणसे बसलेली असतात. जे पैसे आपण वाचवले ते त्यांच्या छातीवर उधार टाकले, इतकाच त्याचा अर्थ. कायद्याच्या दृष्टीनेही ते चालत नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. त्याच कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या नियमभंगाबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. शिवाय खोटी पीयूसी म्हणजे खोटा कागद. रोज सकाळी विहारात पंचशील म्हणायचे आणि गाडीच्या काचेवर असत्य चिकटवून फिरायचे, हे आपल्याला शोभणारे नाही.

दुसरी वाट, 'सेकंडहँड ओरिजिनल'. निम्म्याहून कमी किमतीत, बिलाशिवाय, "कुठून आला ते विचारू नका" या अटीवर. ज्या दिवसांत इकोचे सायलेन्सर चोरीला जात आहेत, त्या दिवसांत इकोचा ओरिजिनल सायलेन्सर बिलाशिवाय कुठून येत असेल? तो दुसऱ्या एखाद्या डबेवाल्याच्या, दुसऱ्या एखाद्या भाजीवाल्याच्या गाडीखालून येतो. न दिलेले घेऊ नये हे आपले दुसरे शील आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हाही आहे. आपण विकत घेतो म्हणून चोर चोरतो. गिऱ्हाईक नसेल तर मध्यरात्री गाडीखाली झोपायला कोण जाईल? खरा सेकंडहँड माल मिळतच नाही असे नाही. अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचा असतो, पण त्याला बिल असते, विकणाऱ्याचे नाव-पत्ता असतो.

तिसरी वाट, पक्क्या बिलाचा नवा भाग. ही वाट खर्चाची आहे हे आम्ही नाकारत नाही. पण त्यातही पैसे वाचवायच्या जागा आहेत. कंपनीच्या शोरूमचे आणि बाहेरच्या गॅरेजचे अशी किमान दोन कोटेशने घ्या. भागाची किंमत, जीएसटी, मजुरी, गॅस्केट, सेन्सर असे सर्व वेगवेगळे लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याहून जास्त लावला असेल तर विचारा. बाजारात दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त डबेही मिळतात. पण धातू महाग असल्यामुळे स्वस्त डब्यात लेप पातळ असू शकतो, म्हणून तो आपल्या गाडीच्या भारत स्टेजला चालतो का आणि त्याची गॅरंटी किती, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी बहुतेकांना कुणी सांगत नाही. तुमचा जुना, बिघडलेला कॅटकॉन भंगार नव्हे! वीट वितळली तरी त्यातला महागडा धातू बराचसा तेथेच असतो. तो धातू पुन्हा काढून घेण्याचा मोठा उद्योग जगभर चालतो. नवा भाग बसवला की जुना डबा गॅरेजच्या कोपऱ्यात पडतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या खिशात पैसे होऊन जातो. म्हणून काम देण्याआधीच सांगा, "जुना डबा माझा आहे. एक तर बिलातून त्याची किंमत वजा करा, नाही तर माझ्या हातात द्या." त्या जोडप्यानेही हेच केले आणि बिल बऱ्यापैकी खाली आले.

बिल जपून ठेवा. काम वाईट निघाले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तेथे फी लागत नाही. पण हातात बिल नसेल तर आयोगापुढे सिद्ध काय करणार?

हिशेबाची वही

आता पैशाचे बघू. समजा, सगळे मिळून पन्नास हजार लागणार आहेत आणि घरात नाहीत. वस्तीतला सावकार तासाभरात देतो, शेकडा पाच महिन्याने. म्हणजे महिन्याला अडीच हजार नुसते व्याज, वर्षाला तीस हजार, आणि मुद्दल पन्नास हजार जागच्या जागी. हेच पन्नास हजार पतसंस्थेतून १४ टक्के वार्षिक दराने बारा हप्त्यांत घेतले, तर हप्ता सुमारे ४,४९० रुपयांचा बसतो आणि वर्षअखेर एकूण व्याज चार हजारांच्या आत राहते. एकीकडे तीस हजार देऊन कर्ज उभेच, दुसरीकडे चार हजारांत कर्ज मोकळे. कागदपत्रांच्या दोन फेऱ्यांचा कंटाळा किती महाग पडतो ते पाहा. परवान्याशिवाय सावकारी करणे महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

गाडी फारच जुनी असेल तर आणखी एक हिशेब मांडावा लागेल. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण येते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. शिवाय पासिंगसाठी इतर दुरुस्त्या निघतातच. तेव्हा वहीच्या एका पानावर डाव्या बाजूला पुढच्या दोन वर्षांतला गाडीचा सर्व खर्च लिहा आणि उजव्या बाजूला गाडीमुळे घरात येणारे निव्वळ पैसे लिहा. डावी बाजू जड झाली तर गाडी काढून टाकण्यात कमीपणा नाही. हा निर्णय नवरा-बायकोने मिळून घ्यावा. डबे ताई करतात, पोळ्या त्या लाटतात, तर वहीवर त्यांचाही हक्क आहे.

या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, तो दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग संसारासाठी, दोन भाग धंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला पन्नास हजारांच्या कोटेशनला तंतोतंत लागू पडतो. हातावर पोट असणाऱ्या माणसाला पूर्ण चौथा भाग काढणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. पण गाडीसाठी एक सोपी रीत सांगतो. किलोमीटरमागे एक रुपया गाडीचा म्हणून बाजूला टाका. रोज साठ किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस गाडी धावली तर दीड हजार जमतात, वर्षाला अठरा हजार. तीन वर्षांच्या आत पन्नास हजार उभे राहतात. हे पैसे घरातल्या डब्यात ठेवू नका, गाडीच्या नावाने वेगळे खाते काढा. धंदा गाडीच्या जिवावर चालतो, मग गाडीचा पगार तिला मिळायला नको का?

राखण आपली आपण

चोरीपासून सावधगिरीचे उपाय साधे आहेत. गाडी भिंतीला खेटून, दिव्याखाली लावा. सायलेन्सरभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. पूर्ण अडवणूक होत नाही, पण चोराला वेळ लागतो आणि वेळ हाच त्याचा शत्रू आहे. सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून घ्या, म्हणजे तो विकताना पंचाईत होते. सकाळी गाडी चालू करताच एकदम मोठा आवाज आला तर पळवू नका, खाली वाकून पाहा.

चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. "नुसता सायलेन्सर तर गेला" म्हणून गप्प बसू नका, तक्रारी नोंदल्या गेल्या तरच टोळ्या पकडल्या जातात. विम्याचे कागद काढून पाहा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळणार नाही. पूर्ण विमा असेल तर दावा करा. मात्र धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के घसारा कापतात, आणखी एक ठराविक रक्कमही वजा होते. तरीही निम्म्याच्या आसपास हाती लागले तर ते सोडायचे कशाला?

आमची एक सूचना आहे. आपल्या विहारांत बुद्धवंदनेनंतर बऱ्याच गोष्टींवर चर्चा होते. एका रविवारी परिसरातल्या गाडीवाल्यांनी एकत्र बसावे. दहा गाड्यांचे पिंजरे एकाच वेल्डरकडे दिले तर दर कमी होईल. रात्री गाड्या एका रांगेत, एका दिव्याखाली लावता येतील. आणि महिन्याला ठराविक रक्कम काढून गाडीवाल्यांचा बचत गट उभा राहिला, तर ज्याच्यावर वेळ येईल त्याला सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही. चोर टोळीने येतो आणि आपण मात्र एकेकटे त्याच्या तावडीत सापडतो, हे आता थांबले पाहिजे. संघटित व्हा हा बाबासाहेबांचा आदेश जसा मोर्चासाठी आहे, तसा तो गल्लीतल्या पार्किंगसाठीही आहे.

जुना डबा परत मागा, बिल घ्या, किलोमीटरमागे रुपया बाजूला टाका. आणि कुणी बिलाशिवाय स्वस्त माती देऊ केली, तर ती कुणा भावाच्या संसारातून उपसलेली आहे हे ओळखून हात मागे घ्या.

नमो बुद्धाय! जयभीम!